साठी, बुद्धि आणि घर

साठी ओलांडलेल्या माणसाची बुद्धि नाठी होते, असें सांगणारी म्हण आपल्या भाषेंत आहे. उतारवयांतील विचित्र वर्तनास उद्देशून 'म्हातारचळ' हा शब्दहि आहे. हिंदीनें तर साठ या संख्येपासून 'सठियाना' असें क्रियापदच घडविलें. या शब्दांकडे नीट पाहिलें तर दोन गोष्टी ध्यानांत येतात. एक ही, कीं वृद्धापकाळीं स्मरण, विचार व वर्तन यांत होणारा बिघाड आपल्या पूर्वजांस चांगला ठाऊक होता. दुसरी ही, कीं त्यांनीं तो रोग मानला नाहीं. केंस पिकावे, दांत पडावे, तशी बुद्धि नाठी व्हावी, एवढेंच त्यांनीं म्हटलें. आणि जो रोगच नव्हे त्यास वैद्य नको, औषध नको, व सेवा करणाऱ्याच्या श्रमांची मोजदादहि नको. हा शेवटचा परिणाम कोणी मुद्दाम इच्छिला नव्हता. परंतु तो घडला, आणि त्याचा भार पिढ्यान्‌पिढ्या घरांतील पत्नींनीं, लेकींनीं व सुनांनीं वाहिला.

आज वैद्यकशास्त्र या स्थितीस 'डिमेन्शिया' म्हणतें, आणि मराठींत तीसाठीं 'स्मृतिभ्रंश' हा शब्द रूढ झाला आहे. हा शब्द आपणांस जुन्या ठेव्यांतून मिळाला. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत तो येतो तो विषयचिंतनापासून क्रोधापर्यंत व क्रोधापासून बुद्धिनाशापर्यंत जाणाऱ्या साखळींतील एक कडी म्हणून. तेथें तो संयम सुटलेल्या माणसाचा अधःपात आहे, मेंदूचा विकार नव्हे. जुन्या शब्दाबरोबर दोषाची एक पुसट छाया नव्या अर्थावरहि पडते, हें विसरून चालणार नाहीं. मेंदूंतील पेशी क्षीण होत जाण्याचा हा विकार जात, धर्म किंवा देश पाहत नाहीं. तथापि त्याचें नांव, त्याचें माप आणि त्याची सेवा या तीनहि गोष्टी प्रत्येक समाजानें आपापल्या भाषेंत व आपापल्या घराच्या रीतीप्रमाणें घडविल्या आहेत. ज्या ज्या वेळीं या भिन्नतेकडे दुर्लक्ष झालें, त्या त्या वेळीं रुग्ण गणनेंतून सुटला आणि त्याची सेवा करणारें माणूस दृष्टीआड झालें, असें आमचें मत आहे. त्याची साक्ष गेल्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासांतून काढण्याचा येथें विचार आहे.

प्रथम नांवाची गोष्ट घेऊं. १९०१ च्या नोव्हेंबरांत जर्मनींतील फ्रांकफुर्ट येथील मनोरुग्णांच्या इस्पितळांत आउगुस्ट नांवाची ५१ वर्षांची एक स्त्री दाखल झाली. डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनीं तिच्याशीं झालेलीं प्रश्नोत्तरें टिपून ठेविलीं आहेत. नवऱ्याचें नांव विचारलें असतां तिनें स्वतःचेंच नांव सांगितलें. १९०६ च्या एप्रिलांत ती वारली, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत ट्यूबिंगेन येथील वैद्यांच्या सभेंत अल्झायमर यांनीं तिच्या मेंदूंत सूक्ष्मदर्शकाखालीं दिसलेल्या तंतूंच्या गुंत्यांचें व सांचलेल्या द्रव्याचें वर्णन केलें. पुढें १९१० सालीं एमिल क्रेपेलिन यांनीं आपल्या पाठ्यग्रंथांत या विकारास अल्झायमर यांचें नांव दिलें.

या कथेंतील एक तपशील फार महत्त्वाचा आहे. त्या स्त्रीचें वय कमी होतें म्हणूनच वैद्यांस नवल वाटलें. ती पंचाहत्तर वर्षांची असती, तर 'वय झालें' यापलीकडे कोणी कांहीं म्हटलें असतें असें वाटत नाहीं. युरोपांतहि साठी-बुद्धीची म्हण निराळ्या शब्दांत नांदतच होती. अल्झायमरचा विकार हा अकालीं येणारा एक दुर्मिळ रोग, आणि म्हाताऱ्यांची विस्मृति हा वयाचा धर्म, अशी वांटणी पुढें साठ-पासष्ट वर्षें टिकली. १९७६ सालीं रॉबर्ट काट्झमन या अमेरिकन मज्जारोगतज्ज्ञानें एका छोट्या लेखांत या दोहोंतील भिंत काढून टाकली, व हा विकार मृत्यूच्या प्रमुख कारणांपैकीं एक आहे असें बजाविलें. तेव्हां ज्या पाश्चात्य ज्ञानास आपण जुनें व स्थिर समजतों, तें जेमतेम अर्ध्या शतकाचें आहे. म्हातारपणास रोगापासून वेगळें करणें हें कोणत्याच संस्कृतीस सोपें गेलेलें नाहीं.

पूर्वेकडील जपानची हकीकत याहून बोलकी आहे. तेथें वृद्ध सासऱ्याची सेवा हें थोरल्या सुनेचें कर्तव्य मानीत. १९७२ सालीं सावाको आरियोशी या लेखिकेनें 'कोकोत्सु नो हितो' ही कादंबरी लिहिली. तींत नोकरी करणारी एक सून भान हरपलेल्या सासऱ्याचें सर्व कांहीं करते, आणि घरांतील पुरुष दूर उभे राहून पाहतात. या पुस्तकाच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. घराघरांत जें चाललें होतें व ज्याविषयीं कोणी बोलत नव्हतें, तें त्या कादंबरीनें चव्हाट्यावर आणलें. पुढें १९९७ सालीं तेथें दीर्घकालीन शुश्रूषेच्या विम्याचा कायदा झाला व २००० सालापासून तो अंमलांत आला. वृद्धाची सेवा हा केवळ सुनेचा धर्म नसून समाजाचेंहि काम आहे, हें तत्त्व कायद्यानें पत्करलें. २००४ सालीं सरकारनें एक पाऊल आणखी पुढें टाकलें. या विकारास तेथें 'चिहो' म्हणत; त्या शब्दाच्या दोन्ही अक्षरचित्रांचा अर्थ मूर्ख किंवा मंद असा होतो. तो शब्द काढून त्याच्या जागीं 'निन्चिशो', म्हणजे आकलनाचा विकार, असा शब्द आला. बापास मूर्ख म्हणवून घेण्यापेक्षां त्याचें दुखणें लपविलेलें बरें असें ज्या मुलास वाटत असेल, त्यास वैद्याकडे जाण्याची वाट या शब्दानें थोडी मोकळी केली.

आतां आपल्या देशाकडे वळूं. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ लॉरेन्स कोहेन यांनीं बनारसच्या मोहल्ल्यांत राहून या विषयाचा अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९९८ सालीं प्रसिद्ध झाला. म्हाताऱ्याचें डोकें कमजोर झालें किंवा तापलें, असें तेथील लोक त्यांस सांगत. परंतु त्याहून मोठी गोष्ट ही, कीं एखादा वृद्ध बरळूं लागला म्हणजे शेजारीपाजारी त्याच्या मेंदूकडे बोट न दाखवितां त्याच्या घराकडे दाखवीत. मुलें नीट पाहत नसतील, सून जेवावयास घालीत नसेल, म्हणून म्हातारा असा झाला! केरळांत या अवस्थेस 'चिन्नन', म्हणजे पोरपण, असा शब्द आढळला. गोमंतकांतील कोंकणींत 'नेर्व्ह फ्राकेझ' हा पोर्तुगीज वळणाचा शब्दप्रयोग आढळला. त्याचा भाव थकलेला मेंदू असा आहे.

गोमंतकांतच विक्रम पटेल व मार्टिन प्रिन्स यांनीं लोकांशीं व आरोग्यसेवकांशीं बोलून जें टिपलें तें २००१ सालीं प्रसिद्ध झालें, आणि तें आपल्या अभिमानास धक्का देणारें आहे. अशा वृद्धाचें वर्णन ऐकवितांच लोक तें ओळखीत. परंतु हा आजार आहे असें कोणी म्हणत नसे. मुलांनीं हेळसांड केली, प्रेम दिलें नाहीं, म्हणून असें होतें, हेंच कारण वारंवार पुढें येई. त्याच बरोबर हेंहि दिसलें, कीं घरची सेवा आपण समजतों तितकी भरंवशाची नसे. पुष्कळदां ती आईबापांची मालमत्ता आपल्यास मिळेल या अपेक्षेवर अवलंबून असे. म्हणजे आपल्या समाजानें रुग्णास वेडा ठरविलें नाहीं, ही त्याची एक भलाई. परंतु रोगाचा दोष त्याची सेवा करणाऱ्यांच्या माथीं मारला, ही त्याच भलाईची दुसरी बाजू. जी सून रात्रभर जागून सासूस सांभाळते, तिलाच सकाळीं शेजारीण विचारते, 'तुमच्या सासूबाई अशा कशानें हो झाल्या?' या प्रश्नांतील नांगी ज्या घरांनीं सोसली आहे, त्यांस अधिक सांगणें नको.

नांवाइतकाच मापाचा प्रश्न बिकट आहे. १९७५ सालीं अमेरिकेंत मार्शल फोल्स्टीन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं बुद्धीची एक छोटी चांचणी तयार केली. ती लवकरच जगभर पसरली. तींत आजची तारीख सांगा, शंभरांतून सात सात वजा करीत जा, लिहिलेलें वाचून त्याप्रमाणें करा, एक वाक्य लिहा, असे प्रश्न आहेत. ज्या आजीनें आयुष्यांत पाटी हातीं धरली नाहीं, तिनें वाक्य कसें लिहावें? अशा चांचणींत ती नापास झाली, तर दोष आजीच्या मेंदूचा कीं प्रश्नपत्रिकेचा?

हरियाणांतील बल्लभगड येथें मेरी गांगुली व त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनीं निरक्षर खेडुतांसाठीं या चांचणीचें हिंदी रूप सिद्ध केलें. तें १९९५ सालीं प्रसिद्ध झालें. वजाबाकीच्या जागीं आठवड्याचे वार उलट्या क्रमानें म्हणावयास सांगितलें; वाचून डोळे मिटण्याच्या जागीं, 'माझ्याकडे पाहा आणि मी करतों तसें करा' असें म्हणून परीक्षकानेंच डोळे मिटावयाचे; वाक्य लिहिण्याच्या जागीं आपल्या घराविषयीं कांहीं सांगावयाचें. हें नुसतें भाषांतर नव्हे. प्रश्नाचा हेतु कायम ठेवून त्याचा देह बदलण्याचें हें काम आहे, आणि त्यासाठीं परीक्षकास आधीं खेड्यांतील आयुष्य समजून घ्यावें लागलें. कॅनडांतील क्री आदिवासींत व नायजेरियांतील इबादान येथील योरुबा लोकांत अशाच नव्या प्रश्नावल्या योजाव्या लागल्या. ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ले भागांतील मूळ रहिवाशांसाठींहि स्वतंत्र चांचणी झाली.

मापाचा हा प्रश्न किती खोल जातो हें १९९८ सालीं कोचीन येथें आरंभिलेल्या एका उद्योगानें दाखविलें. त्या शहराशीं या विषयाचा संबंध जुना आहे. डॉक्टर जेकब रॉय यांच्या प्रयत्नानें अल्झायमर व तत्सम विकारांसाठीं झटणारी अखिल भारतीय संस्था १९९२ सालीं तेथेंच निघाली. १९९८ च्या बैठकींत 'टेन-सिक्स्टीसिक्स' नांवाचा संशोधकांचा गट स्थापन झाला. नांव चमत्कारिक आहे, पण अर्थ सरळ आहे: जगांतील ६६ टक्के स्मृतिभ्रंशाचे रुग्ण गरीब व विकसनशील देशांत, आणि लोकवस्तींत जाऊन केलेल्या संशोधनापैकीं १० टक्के किंवा त्याहूनहि कमी त्यांच्या वांट्यास. या गटानें लॅटिन अमेरिका, चीन व भारत येथील ६५ वर्षांवरील माणसांची पाहणी करून २००८ सालीं निष्कर्ष मांडले. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेची कसोटी लाविली, तेव्हां भारताच्या ग्रामीण भागांत शेंकडा ०.३ रुग्ण निघाले आणि क्यूबांत शेंकडा ६.३. गटानें अनेक संस्कृतींत पारखून घेतलेली स्वतःची कसोटी लाविली, तेव्हां निरनिराळ्या ठिकाणचे आंकडे शेंकडा ५.६ ते ११.७ यांच्या दरम्यान, म्हणजे पुष्कळ जवळ जवळ, आले.

हा फरक कोठून आला? पहिल्या कसोटींत घरच्यांची साक्ष लागते: या माणसाचें स्मरण कमी झालें काय, त्याचीं कामें अडतात काय? आपल्या खेड्यांतील सून उत्तर देते, 'नाहीं, सगळें ठीक आहे.' ती खोटें बोलत नाहीं. सासऱ्याचें पान वाढणें, धोतर नेसविणें, त्यांस हात धरून नेणें हें सर्व तीच करते. एवढ्या वयाच्या माणसाकडून कोणी कामाची अपेक्षाच करीत नाहीं. जेथें अपेक्षा नाहीं तेथें उणीवहि दिसत नाहीं. याप्रमाणें ज्या सेवेनें रुग्ण जगतो त्याच सेवेनें तो कागदावरून नाहींसा होतो, आणि त्याच्याबरोबर ती सेवाहि नाहींशी होते. 'आमच्याकडे हा रोग फारसा नाहीं' या समजाचा बराच मोठा भाग या मौनावर उभा होता, असें आम्हांस वाटतें. पुढें देशभर केलेल्या पाहणीचा आंकडा २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. साठ वर्षांवरील भारतीयांत शेंकडा ७.४, म्हणजे सुमारें ८८ लाख माणसें या विकारानें ग्रस्त असावींत, असा तो अंदाज आहे. आणि त्यांत पुरुषांपेक्षां स्त्रियांचें व शहरांपेक्षां खेड्यांचें प्रमाण अधिक आहे.

आतां सेवेविषयीं. रोग वाढत जातो तसा माणूस नवें विसरतो व जुन्यांत राहूं लागतो. परमुलुखीं जाऊन तेथील भाषा शिकलेले पुष्कळ रुग्ण शेवटीं ती भाषा टाकून मातृभाषेकडे परततात, असा अनुभव आहे. नागपुरी आजोबा लंडनांत मुलाकडे राहत असतील, तर तेथील परिचारिकेनें कितीहि गोड इंग्रजी बोलून त्यांचें समाधान होणार नाहीं. त्यांस हवें असतें आपल्या बोलींतील 'जेवलात का?', हवा असतो वरणभात, आणि संध्याकाळचा दिवा. हॉलंडांतील वेस्प येथें २००९ सालीं स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठीं 'होगेवेक' ही वस्ती उघडली, तेव्हां तेथील घरें रुग्णांच्या पूर्वायुष्याच्या सात निरनिराळ्या तऱ्हांप्रमाणें लाविलेलीं होतीं. त्यांत एक तऱ्हा ज्यांचें आयुष्य इंडोनेशियाशीं जडलेलें होतें त्यांच्यासाठीं होती. साम्राज्य जाऊन साठ वर्षें झालीं होतीं. परंतु म्हाताऱ्या जिभेस जाव्हाकडील भाताची चव अजून आठवत होती, आणि व्यवस्थापकांनीं ती आठवण औषधाइतकी मोलाची मानली.

बहुभाषिकतेविषयीं भारतानें जगास एक गोष्ट दिलीहि आहे. हैदराबादेंत तेलुगु, उर्दू, हिंदी, मराठी अशा अनेक भाषा एकाच गल्लींत ऐकूं येतात. तेथील एका इस्पितळांत सुवर्णा अल्लाडी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या, आणि एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांस हा विकार सरासरीनें साडेचार वर्षें उशिरा जडल्याचें २०१३ सालीं दाखविलें. निरक्षर रुग्णांतहि हा फरक टिकला. तेव्हां हा केवळ शाळेचा गुण म्हणतां येत नाहीं.

सेवा करणाऱ्यांस मदत कशी द्यावी, याचाहि एक धडा गोमंतकानेंच घालून दिला. अमित डायस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तिसवाडी व बारदेश या तालुक्यांतील ८१ कुटुंबें निवडलीं. पदवीधर डॉक्टर नव्हेत, तर त्या कामासाठीं शिकवून तयार केलेलीं स्थानिक माणसें सहा महिने यांपैकीं निम्म्या घरीं नियमानें जात. हा रोग आहे, कोणाचा दोष नाहीं, हें तीं समजावून सांगत; रुग्ण चिडला तर काय करावें, त्याचा दिवस कसा आंखावा, घरांतील इतरांनीं भार कसा वांटून घ्यावा, याविषयीं सल्ला देत. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें रुग्णाच्या स्थितींत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. परंतु सेवा करणाऱ्यांचें मन ठिकाणावर आलें, त्यांची घालमेल कमी झाली. आपल्याच भाषेंत, आपल्याच ओसरीवर बसून बोलणाऱ्या माणसाचें हें सामर्थ्य आहे.

येथें एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. कोणी म्हणेल, 'पाश्चात्यांचीं वृद्धालयें त्यांस लखलाभ. आमच्या संस्कृतींत घर आहे, तें पुरेसें आहे.' संस्कृतीची भिन्नता मानणें याचा असा अर्थ घेणें आम्हांस घातक वाटतें. टेन-सिक्स्टीसिक्स गटानें विकसनशील देशांतील सातशेंहून अधिक रुग्णांच्या घरची स्थिति पाहिली. सेवा करणाऱ्यांत स्त्रियाच बहुसंख्य निघाल्या. आणि घरें मोठीं, माणसें पुष्कळ असूनहि त्यांच्या मनावरील ताण युरोपांतील सेवकांहून कमी नव्हता. एकत्र कुटुंबांत दहा माणसें असलीं तरी रात्रीं उठणारें माणूस बहुधा एकच असतें. २००७ सालच्या कायद्यानें आईबापांच्या पालनपोषणाचें बंधन मुलांवर घातलें, हें योग्यच झालें. पण जीं मुलें तें बंधन मनापासून पाळतात, त्यांच्या थकल्या हातांस आधार देण्याचें काम केवळ कायद्यानें होत नाहीं. भिन्नतेचा आदर म्हणजे मदत न देण्याची सबब नव्हे. मदत त्या घरास पेलेल व पटेल अशा रूपांत देण्याची ती जबाबदारी आहे.

मराठी चित्रसृष्टींत सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या चित्रपटानें हा विषय मोठ्या समजुतीनें हाताळला. त्यांत संस्कृतचा एक थोर पंडित स्मृति हरवून हत्तीच्या मागें चालूं लागतो, आणि माहुताची कानडी बोलणारी बायको त्यास पोटच्या पोरासारखें सांभाळते. ही भूमिका करणाऱ्या अमृता सुभाष यांस त्याबद्दल राष्ट्रीय पारितोषिकहि मिळालें. ती बाई पंडिताची विद्या जाणत नाहीं, त्याचा रोग जाणत नाहीं. त्याची भाषाहि तिची नव्हे. तरी त्याची भूक, भीति व थकवा ती ओळखते. मुलीपाशीं विद्या आहे, प्रेमहि आहे. परंतु तिजपुढें बापाच्या गतवैभवाची आठवण सतत उभी राहते. या दोघींची तुलना करून एकीस थोर व दुसरीस लहान ठरविणें अन्याय होईल. माहुताच्या बायकोनें एक दिवस सांभाळलें. मुलीस वर्षें काढावयाचीं आहेत.

असो. आपल्या घरांत आजीनें पांचव्यांदा तेंच विचारलें, तर 'आतांच तर सांगितलें!' असें म्हणण्याआधीं हा रोग असूं शकेल हें लक्षांत आणावें आणि तिला वैद्याकडे न्यावें. साठीच्या म्हणीवर हवाला ठेवूं नये. तिच्याशीं तिच्या माहेरच्या बोलींत बोलावें. शेजारच्या घरीं असा वृद्ध असेल, तर 'असें कशानें झालें?' हा प्रश्न बाजूस ठेवून, 'आज दुपारीं दोन तास मी बसूं का?' असें त्या घरच्या सुनेस विचारावें. हें विचारण्यास कोणत्याहि सरकारी योजनेची वाट पाहावी लागत नाहीं.